सातवं घर

मांजर आपल्या पिल्लांना सात घरं दाखवते, असं आपल्याकडे म्हणतात. आमच्या सोसायटीतल्या मांजरीनं यंदा सहा दाखवली. मी मोजली आहेत.

पहिलं घर पंपघरामागं, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर. तिथं मे महिन्याच्या अखेरीला चार पिल्लं झाली. वळवाच्या सरीत पोती भिजली तशी ती सगळी जिन्याखालच्या मोडक्या कूलरमध्ये आली. कूलर भंगारवाल्यानं नेला, तेव्हा वर्षभर झाकून ठेवलेल्या एका मोटारीखाली. मग मीटरच्या खोलीत. मग गणपतीच्या मांडवाचं सामान ठेवतात त्या खोलीत, गेल्या वर्षीच्या मखराच्या आत. आणि सहावं घर म्हणजे वॉचमनमामांच्या केबिनमधलं बिस्किटांचं खोकं. चारांतली दोन उरली. एक मीटरच्या खोलीनंतर कुणाला दिसलं नाही, एक दूधवाला घेऊन गेला. उरलेली दोन येत्या रविवारी चिंचवडच्या आमच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर यायची आहेत. म्हणजे सातवं घर आमचं.

"पत्रिकेत सातवं घर लग्नाचं असतं," बायको म्हणाली. "तेव्हाही तुम्ही असेच घाबरला होतात."

घाबरलोय हे खरं. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा मांजर पाळणार आहे. मांजरांची सवय नाही असं नाही. लहानपणीचा प्रत्येक मे महिना मी मांजरांच्या घरात काढलाय. पण त्या घरात मांजर पाळलेलं नव्हतं, मांजर होतं. या दोन वाक्यांत किती अंतर आहे, ते गेल्या महिन्याभरात मला कळत गेलं.

ते घर आजीचं. वाईजवळच्या एका गावात, कौलारू, पुढं सोपा, मागं परस. चुलीपाशी एक मनी असायचीच. एक दिसेनाशी झाली की काही दिवसांनी दुसरी यायची आणि तिचंही नाव मनीच. तिला कुणी आणलेलं नसायचं. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराची एक फळी खालच्या कोपऱ्यात कापलेली होती, ते तिचं दार. माणसांच्या दाराला रात्री अडसर लागायचा, तिच्या दाराला कडीच नव्हती. एकदा मी आजीला विचारलं, ही मनी कुणाची? आजी भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "कुनाची नसती बाबा ती. तिला घर आवडलं म्हून हाय."

आमच्या बाबतीत सगळं उलट्या क्रमानं चाललंय. आधी आम्हाला ती आवडली, मग आम्ही घर तयार करायला घेतलं. त्यांना ते आवडतंय का, हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

खरं तर आधी एकच पिल्लू आणायचं ठरत होतं. लेक बंगळूरला असते, तिनं फोनवर ते मोडून काढलं. "बाबा, एक नको, दोन्ही आण. एकटं पिल्लू तुझ्या हाताला चावायला शिकेल. दोघं असली की एकमेकांना चावून शिकतात, केवढं चावलं की समोरचा ओरडतो ते." हे वाक्य तिला लहानपणी भावंड नसण्याबद्दलचं होतं का, असं माझ्या मनात येऊन गेलं. मी विचारलं नाही. दोन म्हणजे दोन.

घरात पहिली वस्तू आली ती मातीची पिशवी. पाच किलोची. बायकोनं ती हातात तोलून पाहिली आणि म्हणाली, "अहो, माती विकत आणलीत?" ही बेंटोनाईटची माती. ओली झाली की तिथल्या तिथं तिचा गोळा होतो, तो झाऱ्यानं उचलून टाकायचा. शिवाय जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त, असा नियम. म्हणजे तीन ट्रे. एक कोरड्या बाल्कनीत, एक न्हाणीघराबाहेर, एक लेकीच्या टेबलाखाली, जिथं ती दहावीला बसायची.

या विकतच्या मातीची एक गोष्ट आहे. १९४७ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या कॅसोपोलिस नावाच्या छोट्या गावात एक बाई शेजारच्या एड लो याच्याकडे वाळू मागायला आली. ती मांजराच्या खोक्यात राख घालायची आणि घरभर काळे पाय उमटायचे. लोच्या घरचा धंदा कारखान्यांत सांडलेलं तेलपाणी शोषून घेणारा माल विकण्याचा. त्यानं वाळूऐवजी तिला सुकी शोषक माती दिली. तिला ती इतकी आवडली, की त्यानं पिशव्या भरून विकायला काढली आणि मांजर घराच्या आत कायमचं राहू शकेल अशी सोय जगाला झाली. ती माती म्हणजे फुलर्स अर्थ, आपली मुलतानी माती म्हणतात त्याच जातीची. हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "म्हणजे मी तोंडाला लावते ती?" मी विषय बदलला.

आजीकडे राख होती, चुलीतून रोज निघणारी. ती भांड्यांना लागायची, उरलेली परसात पडायची, आणि मनी तिथं खड्डा करून, वास घेऊन, पुन्हा झाकून निघून जायची. "शिका जरा तिच्याकडनं," आजी आम्हा पोरांना म्हणायची. त्या राखेचा कुणी हिशेब ठेवला नाही.

मग लक्षात येत गेलं, की मी बाजारातून एकेक करून जे आणतोय, ते सगळं त्या घरात फुकट होतं. नखं घासायला दोरी गुंडाळलेला खांब मिळतो. मी तो विकत न घेता जुन्या स्टुलाच्या पायाला सुतळी गुंडाळून केला. एकापाशी एक, घट्ट, खिळ्यानं टोक दाबून. दोन संध्याकाळी गेल्या, बोटं सोलली. नखाचं जुनं टरफल निघायला मांजराला असं काही लागतं, आणि पंज्यातल्या ग्रंथींचा वास मागं सोडून 'इथं मी राहते' अशी पाटीही लावायची असते. आजीच्या सोप्याचे सागवानी खांब हातभर उंचीपर्यंत असेच पिंजलेले होते. उंचावर बसायला भिंतीला फळी ठोकली. तिथं माळा होता. खेळायला काडीला बांधलेलं पीस आणलं. तिथं कणगीमागं जिवंत उंदीर होते.

उंदरांवरून खाण्याकडे येतो. मांजर म्हटलं की आपल्याला दुधाची वाटी दिसते. डोळे मिटून दूध पिणारं मांजर आपल्या म्हणींतच बसलंय. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत ती वाटी काढून घेतली. आईचं दूध पचवणारं विकर पिल्लाच्या पोटात असतं, पण दूध तुटलं की ते कमी होत जातं. मग गाईचं दूध पाजलं की बहुतेक मांजरांना हगवण लागते. "आमची आजी तर रोज दूधभात घालायची," मी म्हणालो. "आणि उंदीर?" त्यांनी विचारलं. तेव्हा उमगलं. दूधभात हा मनीचा पगार नव्हताच, ती दिवाळीची भेट होती. पगार ती रोज रात्री कणगीमागं स्वतः वसूल करायची.

मांजराला मांस लागतंच, त्याला इलाज नाही. टॉरिन नावाचा एक पदार्थ त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो मांसातूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू ढिले पडतात. हा हृदयाचा संबंध १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिला, त्यानंतर तयार खाद्यांत टॉरिन वाढवलं गेलं. मांजराला गोडाची चवही कळत नाही. जिभेवर गोड ओळखणारा जो ग्राहक लागतो, त्याचा एक जनुकच मोडलेला आहे, हे २००५ मध्ये सापडलं. म्हणजे आमच्या घरात पुरणपोळीकडे निर्विकारपणे पाहणारे दोन जीव येणार आहेत.

आणि नेमका श्रावण लागला. बायको श्रावणात कांदालसूणही शिवत नाही, मांसाचं तर नावच नको. मांजराला श्रावण पाळायला लावता येत नाही हे तिनं लगेच मान्य केलं, पण आपल्या ओट्यावर ते शिजणार नाही असंही सांगितलं. शेवटी कोरड्या बाल्कनीत एक विजेची शेगडी, एक पातेलं, एक चमचा असा वेगळा संसार मांडला. तिथं बिनमिठाचं कोंबडीचं मांस मी शिजवायचं, मी घासायचं. बाकी पिल्लांचं तयार खाद्य. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, तेव्हा तेही त्यांना वर्ज्य. तेवढ्यापुरतं त्यांचं आणि बायकोचं श्रावणात जुळलं.

डॉक्टरीणबाईंनी मला एक गृहपाठ दिला होता. "घरी जाऊन जमिनीवर पालथे पडा आणि एक वीत उंचीवरून घर बघा." मी पडलो. सव्वीस वर्षं राहतोय या घरात, पण हे घर मी पाहिलेलंच नव्हतं. सोफ्याच्या पोटाला फाटलेलं अस्तर लोंबत होतं, आत शिरायला भुयारासारखं. फ्रिजमागची वायर. शिलाई मशीनखाली रंगीत दोऱ्यांचे तुकडे, एक सुई. मांजराची जीभ आतल्या बाजूला वळलेल्या काट्यांची असते, तोंडात गेलेला दोरा बाहेर टाकणं तिला जमत नाही. तो गिळला जातो आणि आतडी चुण्या घातल्यासारखी गोळा होतात. मी सगळे दोरे वेचले. कपाटांच्या तळातल्या डांबरगोळ्या काढल्या. फिनेल बंद झालं, कारण असली विषं निकामी करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. म्हणूनच तापावर आपण सहज घेतो ती पॅरासिटामोलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. गुलदस्त्यातली लिली घरात आणायची नाही. तिचा पराग अंगावर पडून चाटला गेला तरी मूत्रपिंडं निकामी होतात.

दिवाणाखाली पार कोपऱ्यात, धुळीच्या गोळ्यात, एक सागरगोटा सापडला. लेकीचा. पाच होते, एक हरवला म्हणून ती दोन दिवस रडली होती. मी तो धुऊन खिशात ठेवला. एवढी वर्षं आम्ही त्याच्यावर झोपत होतो.

डॉक्टरीणबाईंनी पिल्लं तपासली तेव्हा ती आठ आठवड्यांची होती. त्याआधी आईपासून तोडायचीच नाहीत, आणखी थांबलात तर उत्तम, असं त्यांनी बजावलं. एकाचं वजन आठशे दहा ग्रॅम, दुसरीचं सातशे चाळीस. एकाचं आणि दुसरीचं, असं आता म्हणता येतं. मराठीनं मांजराला नपुंसकलिंगात बसवून आपली सोय केली आहे, मग कळलं की बोका किंवा भाटी म्हणायचं. पण तिरंगी पिल्लू शेपूट न उचलता बाईंनी 'ती' म्हणून ओळखलं. तांबूस आणि काळा हे दोन रंग ठरवणारी जागा एक्स गुणसूत्रावर असते. दोन्ही रंग अंगावर हवेत तर दोन एक्स हवेत, म्हणून तिरंगी मांजर जवळजवळ नेहमीच मादी. दुसरं पूर्ण तांबूस, ते बहुधा नर असतं, तसंच निघालं. जंताचं औषध झालं, पहिली लस झाली. तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढच्या लसी, सोळा आठवड्यांची होईपर्यंत, मध्ये रेबीजची. "घरात याआधी मांजर आजारी पडून गेलंय का?" त्यांनी विचारलं. पॅनल्यूकोपेनियाचे विषाणू घरात महिनोन्‌महिने, कधी वर्षभर तग धरतात. मी नाही म्हणालो. आमच्या घरात काहीच आलं नव्हतं, तेव्हा गेलंही नव्हतं.

मग त्यांनी मला पिल्लू उचलायला लावलं. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. मी असं धरलं, जणू हातात उकळता चहा आहे. तिरंगी माझ्या तळव्यात ताठ झाली, चारी पाय फाकले. "सैल सोडा," बाई म्हणाल्या. मला वाटलं पिल्लाला म्हणतायत. त्या मला म्हणत होत्या.

दक्षिणेतल्या श्रीवैष्णव आचार्यांत पूर्वी एक वाद रंगला होता. भक्तानं माकडाच्या पिल्लासारखं आईला घट्ट धरून ठेवायचं, की मांजराच्या पिल्लासारखं अंग टाकून द्यायचं आणि आई नेईल तिथं जायचं? मर्कटन्याय की मार्जारन्याय? वडकलै पहिल्या बाजूचे, तेन्कलै दुसऱ्या. वाद सगळा पिल्लाच्या भूमिकेवर. उचलणारीचं काय, हे त्यात फारसं येत नाही. मांजरीचे दात पिल्लाला लागत नाहीत असं आपण किती सहज म्हणतो. ज्या दातांनी ती उंदराचं मानगूट मोडते, त्याच दातांत पिल्लू धरून ती सहा घरं बदलते, आणि दर वेळी किती दाबायचं ते तिला मोजावं लागतं. माझ्या हातांना ते माप अजून यायचंय.

गेल्या मंगळवारी बाल्कनीला जाळी बसवायला दोन मुलं आली. पिंपरी-चिंचवडमध्ये आता जाळी नसलेली बाल्कनी शोधावी लागते, कबुतरांनी सगळ्यांना जाळ्यात आणलंय. मुलगा ड्रिलनं भोकं पाडत म्हणाला, "काका, कबुतरं लई झाली का?"

"कबुतरांसाठी नाही. मांजरांसाठी."

"मांजरं वर येत्यात? तिसऱ्या मजल्यावर?"

"यायला नको म्हणून नाही. जायला नको म्हणून."

त्यानं ड्रिल थांबवून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा सुरू केलं. जाळी ओढून हुकात अडकवताना मात्र खालची कड त्यानं दोनदा तपासली, पंजा घालून पाहिल्यासारखी बोटं घालून.

न्यूयॉर्कमधल्या एका प्राण्यांच्या दवाखान्यात पाच महिन्यांत उंच इमारतींवरून पडलेली १३२ मांजरं आली होती, त्यांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. उपचार झालेल्यांपैकी नव्वद टक्के वाचली. हवेत गिरकी घेऊन पायांवर येण्याची त्यांची कला खरीच. पण खाली पडून तिथंच संपलेल्या मांजराला कोण दवाखान्यात नेतं? ती त्या आकड्यांत नाहीत. मी जाळी बसवली हे बरोबरच केलं. तरी संध्याकाळी बाल्कनीत उभा राहिलो तेव्हा आकाशाचे बोटभर चौकोन झाले होते.

भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक थडगं सापडलं. २००४ मध्ये त्याची बातमी आली. एका माणसाचा सांगाडा आणि त्याच्यापासून जेमतेम हातभर अंतरावर एका मांजराचा. त्या बेटावर मुळात रानमांजरं नव्हती. म्हणजे कुणीतरी त्यांना होडीतून आणलं असणार. पहिल्यांदा मांजर घेऊन निघालेल्या त्या माणसानं काय तयारी केली असेल, हे माझ्या मनात अलीकडे फार येतं. टोपली विणली असेल, झाकण बांधलं असेल, मासे घेतले असतील. जमिनीवर मांजर धान्याच्या मागोमाग आपणहून आलं असेल, वाटलं तर परत गेलं असेल. पण होडी सुटली, की पाणी हेच बंद दार. त्याला ते जाणवलं असेल का?

मला जाणवतं. कारण मी एकदा मांजरावर दार लावलंय.

तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मनीनं कणगीच्या खोलीत तीन पिल्लं घातली होती आणि डोळे उघडल्यापासून ती मला माझी वाटायला लागली होती. दुपारी सगळे झोपले की मी जाऊन बसायचो. एक दिवस मनी तोंडात पिल्लू धरून खोलीबाहेर पडताना दिसली. आजी म्हणाली, "चालली दुसऱ्या घराला. सात घरं हिंडवती ती." दुसरं घर म्हणजे शेजारचा गोठा, की गावाबाहेरचा मळा? मला काय ठाऊक? मला एवढंच कळलं की उद्या खोली रिकामी असेल. मी तिच्या मागं गेलो, मनीनं गोठ्यात ठेवलेलं पिल्लू उचलून परत आणलं, इतर दोघांत ठेवलं आणि कणगीच्या खोलीचं दार ओढून वरची कडी घातली. तिचा हात तिथं पोचणार नव्हता. माझाही पाटावर उभं राहून कसाबसा पोचला होता.

रात्रभर मनी त्या दाराबाहेर ओरडली. आतून पिल्लं ओरडत होती. आजीला वाटलं, बोका आलाय. मला माहीत होतं. मी गोधडीत तोंड घालून जागा होतो आणि गप्प होतो. कडी काढायला उठलो तर मीच लावली हे कळलं असतं, आणि पिल्लंही गेली असती. नऊ वर्षांच्या मुलाला ही दोन कारणं रात्रभर पुरली.

पहाटे आजी उठली, कंदील घेऊन आली, कडी पाहिली. ती मला काही बोलली नाही. तिनं दार उघडलं आणि बाजूला झाली. मनी आत गेली, थोड्या वेळानं एक पिल्लू घेऊन बाहेर पडली. मग दुसरं. मग तिसरं. तिन्ही वेळा ती माझ्या समोरून गेली आणि एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानंतर ती त्या घरात आली नाही. दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा आजी सुपातली ज्वारी निवडत लेंड्या बाजूला काढत होती. "दार लावलंस, म्हून गेली," ती म्हणाली. रागानं नव्हे. पाऊस आला म्हणून भिजलं, असं सांगावं तसं.

मी त्या उघड्या घराचे नुसते गोडवे गायला नको, हेही मला कळतं. तिथं मनीच्या किती पिल्लांची मांजरं झाली, याची मोजदाद कुणी केली नव्हती. बोका मारायचा, कोल्हा न्यायचा, काही नुसतीच सुकून जायची. "जगतील ती जगतील," आजी म्हणायची, आणि तिनं पोटच्या दोघांबद्दलही हेच म्हणून पदर डोळ्यांना लावलेला होता. दार उघडं होतं, त्यातून सगळंच आत-बाहेर करत होतं. आता मी पिल्लांकडून ते दार घेणार आणि बदल्यात वर्षं देणार. लस, जाळी, टॉरिन, हे सगळं मिळून पंधरा-सोळा वर्षं. हा सौदा वाजवी आहे असं मला वाटतं, पण त्यातल्या एकाच बाजूला विचारण्यात आलंय. म्हणून तर इतकी तयारी चाललीय. माती, सुतळी, फळी, पीस. एका दाराची किंमत मी हप्त्याहप्त्यानं फेडतोय.

त्यांच्या आईचं काय, हे मी सगळ्यात आधी विचारलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रस्त्यावर वाढलेली मोठी मांजर बंद घरात सुखी होणार नाही. तिचं ऑपरेशन करून घ्या, पिल्लं पाजत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. येत्या सोमवारी तिला नेऊन परत सोडायचं ठरलं आहे. वॉचमनमामांच्या घरच्या, त्यांना सगळे मामीच म्हणतात, त्या म्हणाल्या, "आता तीच हाकलती की त्यांना. दूध प्यायला आली की फिस्कारती. दोन दिवस हाक मारंल, मग ऱ्हाईल." दोन दिवस हाक मारेल, हे त्यांनी सहज सांगितलं. मला ते दोन दिवस आत्ताच ऐकू येतायत.

पिल्लांना न्यायची टोपली मी गेल्या सोमवारीच केबिनमध्ये नेऊन ठेवली होती. प्लॅस्टिकची, जाळीच्या दाराची. दार काढून, आत बायकोच्या जुन्या सुती साडीचा तुकडा घालून. पिल्लांना तिची सवय व्हावी, कापडाला त्यांचा वास लागावा, म्हणजे नव्या घरात निदान एक गोष्ट ओळखीची असेल, असा सल्ला होता. रोज संध्याकाळी खाली जाऊन मी बघायचो. पिल्लं टोपलीवर चढायची, तिच्यामागं लपायची. आत जात नव्हती.

आज शनिवार. संध्याकाळी पावसात खाली गेलो तर मामा तोंडावर बोट ठेवून उभे. टोपलीत मांजरीण बसली होती. साडीचा तुकडा तिनं पायांनी चुरगाळून गोल केला होता आणि दोन्ही पिल्लं तिच्या पोटाशी होती. ती फिस्कारत नव्हती. मी दोन हात अंतरावर उकिडवा बसलो. तिनं माझ्याकडे पाहिलं, डोळे सावकाश मिटले, सावकाश उघडले आणि तिरंगीचा कान चाटायला लागली. तिनं सातवं घर पाहून घेतलं असं मला म्हणावंसं वाटतं. पण बाहेर पाऊस होता आणि टोपली कोरडी होती, एवढंही कारण तिला पुरलं असेल.

मी वर आलो. पावसाळ्यात आमच्या घरातली दारं वाऱ्यानं आपटतात, म्हणून ती लावून ठेवायची आम्हाला सवय. लेकीच्या खोलीचं दार तर ती गेल्यापासून बंदच असतं, धूळ नको म्हणून. आपटलेल्या दारात एवढंसं शेपूट किंवा पंजा सापडला तर, म्हणून रबरी अडसर आणले होते. ते एकेका दाराखाली ठोकून बसवले. दोनच होते. तिसऱ्या दाराला, लेकीच्या, वर्तमानपत्राची घडी घातली आणि घडीवर, घसरू नये म्हणून, खिशातला सागरगोटा दाबून बसवला. बाहेरचं दार मी त्यांना उघडून देऊ शकत नाही. आतली तेवढी माझ्या हातात आहेत.

रात्री वारा सुटला. जाळी थरथरली, बाल्कनीतलं पातेलं लवंडलं. बायको झोपेत म्हणाली, "दारं लावलीत ना?"

"नाही," मी म्हणालो. "उघडी आहेत."

आणि कान देऊन पडून राहिलो. एकही आपटलं नाही.